रोवलेला दात : इम्प्लांट करण्याआधी समजून घ्यायच्या गोष्टी

गेल्या दिवाळीत आईने चकली चहात बुडवून खाल्ली. वय अठ्ठ्याहत्तर, खालची कवळी सैल झालेली, भाकरी तर कधीचीच दुधात कुस्करून चाललेली. फराळाचे ताट समोर असताना तिने काही तक्रार केली नाही, पण तिची ती चकली माझ्या डोक्यातून जाईना. पंधरा दिवसांनी तिला घेऊन एका दंतचिकित्सालयात गेलो. अर्ध्या तासात हातात छापील अंदाजपत्रक पडले. खालच्या जबड्यात आठ इम्प्लांट, तीन दिवसांत पक्के दात, आयुष्यभराची हमी आणि शेवटी रकमेचा आकडा.

त्या अर्ध्या तासात आई कोणकोणती औषधे घेते, हे कोणी विचारले नाही. ठिसूळ हाडांसाठी तिला वर्षातून एकदा सलाइनमधून औषध दिले जाते. त्या औषधाचा आणि जबड्याच्या हाडाचा काही संबंध असू शकतो, हे त्या दिवशी मलाही ठाऊक नव्हते. म्हणून मीही ते सांगितले नाही.

मी दंतवैद्य नाही. एखादा विषय मनात रुतला की त्याच्या मुळाशी जाईपर्यंत वाचत राहायचे, एवढीच माझी पात्रता. पुढचे दहा महिने मी पाठ्यपुस्तके वाचली, जुने-नवे शोधनिबंध वाचले, तीन वेगवेगळ्या दंतवैद्यांसमोर वही घेऊन बसलो. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो आहे. हा सल्ला नाही. सल्ला देणाऱ्यासमोर बसण्याआधी माणसाला काय ठाऊक असावे, त्याची ही टिपणे आहेत.

सशाच्या पायातले टायटॅनियम

गेलेल्या दाताच्या जागी दुसरे काहीतरी रोवण्याची हौस फार जुनी आहे. १९३१ साली होंडुरासमध्ये माया संस्कृतीच्या काळातला खालच्या जबड्याचा एक तुकडा सापडला. तो सुमारे इसवी सन ६०० च्या आसपासचा मानतात. त्यात पुढच्या तीन दातांच्या जागी शिंपल्याचे घासलेले तुकडे बसवलेले होते. पुढे क्ष-किरणांनी तपासल्यावर त्यांच्याभोवती हाड वाढल्याच्या खुणा दिसल्या, म्हणजे ते जिवंत माणसाच्या तोंडात बसवले होते. त्यानंतर सोने, शिसे, पोलाद, हस्तिदंत असे पुष्कळ प्रयोग झाले. बहुतेकांचा शेवट एकच : शरीर त्या वस्तूभोवती मऊ तंतूंची पिशवी विणते, वस्तू हलू लागते, पू होतो आणि ती बाहेर पडते.

ही गोष्ट पालटली ती दातांशी संबंध नसलेल्या एका प्रयोगातून. १९५२ साली स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात पेर-इंगव्हार ब्रॉनेमार्क हे तरुण संशोधक हाडातल्या रक्तप्रवाहाचा अभ्यास करत होते. त्यासाठी त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची बारीक नळकांडी बसवली होती. प्रयोग संपल्यावर महागडी नळकांडी काढून पुन्हा वापरायची, तर ती निघेनात. हाड धातूला थेट चिकटले होते, मध्ये तंतूंचा थर नव्हता. टायटॅनियमला हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो. हाडाच्या पेशी त्या थराला परका मानत नाहीत, उलट त्याच्यावर हाड रचत जातात. ब्रॉनेमार्क यांनी या घटनेला पुढे ‘ऑसिओइंटिग्रेशन’ असे नाव दिले. मराठीत आपण त्याला अस्थिबंध म्हणू.

१९६५ साली त्यांनी यस्टा लार्सन या पहिल्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात चार स्क्रू बसवले. जबड्याच्या जन्मजात व्यंगामुळे लार्सनना नीट चावता येत नव्हते. २००६ साली त्यांचे निधन झाले, तोवर म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ ते स्क्रू टिकले. मधल्या काळात स्वीडनमधल्या दंतवैद्यकाच्या प्राध्यापकांनी या पद्धतीला कडाडून विरोध केला. ब्रॉनेमार्क यांच्या गटाने १९८१ साली पंधरा वर्षांच्या रुग्णांचा हिशेब छापला आणि १९८२ साली टोरांटोला भरलेल्या परिषदेनंतर जगाने ही पद्धत स्वीकारली.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की ब्रॉनेमार्क यांच्या मूळ पद्धतीतली मुख्य गोष्ट होती वाट पाहणे. स्क्रू बसवून हिरडी शिवायची, खालच्या जबड्यात तीन महिने, वरच्या जबड्यात सहा महिने त्याच्यावर भार टाकायचा नाही, आणि मगच दात चढवायचा. आज स्क्रूचे पृष्ठभाग सुधारले आहेत, मुदती कमी झाल्या आहेत आणि निवडक रुग्णांत त्याच दिवशी दात बसवणेही शक्य झाले आहे. पण हाडाचा स्वभाव बदललेला नाही. स्क्रू बसताना मिळते ती नुसती यांत्रिक पकड, लाकडात खिळा धरावा तशी. पुढच्या काही आठवड्यांत ते जुने हाड झिजते आणि नवे तयार होते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास पकड सर्वांत कच्ची असते, आणि नेमके तेव्हाच दुखणे थांबलेले असल्याने माणूस बिनधास्त होऊन शेंगदाणे फोडू लागतो. या काळात स्क्रू मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून फार जास्त हलत राहिला, तर हाडाऐवजी तीच जुनी तंतूंची पिशवी तयार होते. म्हणून ‘तीन दिवसांत दात’ असे कोणी म्हटले, तर ‘माझ्या हाडात ते का चालेल?’ हे विचारावे. ‘सगळ्यांना चालते’ हे त्याचे उत्तर नव्हे.

दात आणि इम्प्लांट

इम्प्लांटचे तीन भाग असतात : हाडात जाणारा स्क्रू, त्याच्यावरचा जोड आणि वर दिसणारी कॅप. हे पाहून आपण त्याला नवा दात समजतो. पण खरा दात हाडाला चिकटलेला नसतो. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटरहूनही कमी जाडीचा तंतूंचा एक पडदा असतो आणि दात त्यात झोळीत निजल्यासारखा असतो. या पडद्यात रक्तवाहिन्या असतात, संवेदना असतात. भातात बारीक खडा आला की जबडा आपोआप थबकतो, ती या पडद्याची करामत. इम्प्लांटला हा पडदा नसतो.

या एका फरकातून तीन परिणाम निघतात. पहिला, इम्प्लांटला जोराची जाणीव फार कमी असते. रात्री दात खाण्याची सवय असलेल्याला तो जोर कळत नाही, आणि स्क्रू ढिला होणे किंवा कॅपचा टवका उडणे असे प्रकार घडतात. दुसरा, खरा दात जबड्याबरोबर वर सरकतो, इम्प्लांट आहे तिथेच राहतो. म्हणून वाढत्या वयातल्या मुलांना इम्प्लांट करत नाहीत, वाढ पुरी होईपर्यंत थांबतात. तिसरा परिणाम सर्वांत महत्त्वाचा. इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरे, पण त्याच्या भोवतीच्या हिरडीला आणि हाडाला आजार होतो. खऱ्या दाताभोवती हिरडीचे तंतू मुळात घुसून कुंपण करतात, इम्प्लांटभोवती ते नुसते त्याला बिलगून असतात. जंतू खाली उतरू लागले, की त्यांना अडवणारे फारसे काही नसते.

हाड आहे का, कुठे आहे

दात काढल्यावर त्या जागचे हाड निरुपयोगी ठरून विरघळू लागते. पहिल्या वर्षात त्या कडेची रुंदी निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांत होते. त्यामुळे दात काढण्याच्या दिवशीच पुढे काय करायचे याची चर्चा व्हायला हवी. वर्षानुवर्षे कवळी वापरणाऱ्यांच्या जबड्यात तर कित्येकदा नावापुरते हाड उरते.

खालच्या जबड्यातून एक मोठा मज्जातंतू जातो. ओठाची आणि हनुवटीची संवेदना त्याच्याकडे असते. स्क्रूचे टोक त्याच्यापासून साधारण दोन मिलिमीटर दूर राहावे असा दंडक आहे. त्याला इजा झाली तर ओठ बधिर होतो, कधी काही महिन्यांसाठी, कधी कायमचा. वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते. तिथे हाड कमी असेल तर तिचा तळ उचलून खाली हाड भरावे लागते. साध्या एक्स-रेत उंची दिसते, रुंदी दिसत नाही. म्हणून ‘सीबीसीटी’ हे त्रिमितीय चित्र काढतात. ते तुमच्यासमोर पडद्यावर उघडून ‘हा तंतू, हे हाड, इथे स्क्रू’ असे डॉक्टरांनी दाखवावे, ही मागणी अवाजवी नाही.

हाड भरायचे असेल, तर ते कशाचे हा प्रश्न आपल्याकडे सहसा विचारला जात नाही आणि सांगितलाही जात नाही. ते रुग्णाच्याच हनुवटीतून किंवा जबड्याच्या मागच्या भागातून घेता येते. मानवी दात्याचे असते. गाईच्या हाडावर प्रक्रिया करून केलेली भुकटी जगभर फार वापरली जाते, आणि वरून झाकायचा कोलॅजनचा पडदा अनेकदा डुकरापासून केलेला असतो. पूर्णपणे कृत्रिम पर्यायही आहेत. वैद्यकीयदृष्ट्या हे सारे मान्य प्रकार आहेत. पण ज्या घरात कांद्या-लसणाचाही विचार होतो, तिथे शरीरात काय कायमचे जाणार आहे हे आधी कळायला हवे.

न विचारलेले, न सांगितलेले

‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला आपल्याकडच्या कितीतरी बायका प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात, आणि रोज सकाळी मशेरी लावतात. त्यांच्या लेखी ते दात घासणे असते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्त कमी मिळते. धूम्रपान करणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचा धोका साधारण दुप्पट असल्याचे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. म्हणून प्रश्न ‘तंबाखू खाता का’ असा नको. मशेरी, गुटखा, विडी, तपकीर अशी एकेक नावे घेऊन विचारायला हवे, आणि विचारले नाही तर आपण सांगायला हवे.

मधुमेह असला म्हणून इम्प्लांट होत नाही असे नाही. साखर दीर्घकाळ आटोक्यात आहे का, हे महत्त्वाचे. त्यासाठी उपाशीपोटीचा एक आकडा पुरत नाही, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी लागते. हिरड्यांच्या आजाराने दात गेले असतील, तर तो आजार आधी बरा करावा लागतो. ज्या जंतूंनी आणि ज्या सवयींनी खरे दात घालवले, ती मंडळी नव्या स्क्रूचीही वाटच पाहत असतात. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगासाठी जबड्यावर किरणोपचार झाले असतील, तर तिथल्या हाडाची भरून येण्याची ताकद कायमची उणावलेली असते. आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण इतके आहेत, की ही गोष्ट कोपऱ्यातली म्हणून सोडता येत नाही.

आणि हाडांची औषधे. अ‍ॅलेन्ड्रोनेट, झोलेड्रोनिक अ‍ॅसिड ही बिस्फॉस्फोनेट गटातली औषधे हाडात जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षे तिथे राहतात. डेनोसुमॅब हे इंजेक्शन वेगळ्या मार्गाने काम करते. दोन्हींमुळे हाडाची झीज थांबते, पण झीज आणि भर ही एकाच चाकाची दोन अंगे असल्याने हाडाची दुरुस्तीही मंदावते. अशा रुग्णांत दात काढल्यावर जबड्याचे हाड उघडे पडून मरते, याकडे २००३ साली अमेरिकेतले शल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी लक्ष वेधले. कर्करोगासाठी मोठ्या मात्रेत ही औषधे घेणाऱ्यांत हा धोका बराच असतो आणि तिथे इम्प्लांट सहसा टाळतात. हाडांच्या ठिसूळपणासाठीच्या मात्रेत तो विरळा असतो, पण शून्य नसतो. यावरचा उपाय औषध परस्पर बंद करणे हा मुळीच नव्हे. डेनोसुमॅब अचानक सोडल्याने मणके मोडू शकतात. उपाय असा, की दंतवैद्याने औषध देणाऱ्या डॉक्टरांशी बोलावे, आणि ते बोलणे कागदावर असावे.

‘यश’ या शब्दाचा अर्थ

इम्प्लांट पंच्याण्णव टक्के यशस्वी होतात, असे सांगतात. दहा वर्षांनंतर सुमारे तेवढे इम्प्लांट तोंडात असतात, हे खरे आहे. पण शोधनिबंधांत त्याला ‘सर्व्हायव्हल’ म्हणतात, म्हणजे ते जागेवर आहेत एवढेच. त्यांच्याभोवती पू आहे का, हाड किती उतरले, कॅप किती वेळा बदलली, हा हिशेब वेगळा. यान डेर्क्स आणि क्रिस्तियानो तोमासी यांनी २०१५ साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात इम्प्लांट असलेल्या रुग्णांपैकी सरासरी ४३ टक्क्यांना भोवतीच्या हिरडीची सूज होती आणि २२ टक्क्यांना हाडापर्यंत पोचलेला आजार, म्हणजे पेरि-इम्प्लांटायटिस होता. नुसती सूज स्वच्छतेने उतरते. हाडाचा आजार मात्र पुष्कळदा न दुखता वाढतो आणि त्याच्यावर अजून खात्रीचा उपचार नाही. ब्रश करताना रक्त येणे ही त्याची पहिली खूण.

म्हणून ‘आयुष्यभराची हमी’ कशाची, हे लेखी घ्यावे. नव्या स्क्रूची फक्त, की जुना काढण्याची, हाड भरण्याची, पुन्हा शस्त्रक्रियेची आणि कॅपचीही? आणि ती हमी कोणाच्या आयुष्याची : तुमच्या, चिकित्सालयाच्या की कंपनीच्या?

सगळीच फट भरायची नसते

एक दात गेला तर शेजारच्या दोन दातांवर ब्रिज बसवता येतो. ते दोन्ही दात धडधाकट असतील, तर त्यासाठी ते कातरणे जिवावर येते. पण त्यांना आधीच कॅप लागणार असेल, तर ब्रिज हाच शहाणपणाचा पर्याय ठरू शकतो. काढता-घालता येणारी कवळी स्वस्त आहे आणि तिच्यासाठी शस्त्रक्रिया लागत नाही. चौथा पर्याय म्हणजे काहीच न करणे. नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या आर्न्ट कायझर यांनी १९८१ साली दाखवून दिले, की मागच्या काही दाढा नसल्या तरी पुढची रांग धड असेल तर माणसाचे चावणे बहुधा नीट चालते. सगळे दात गेलेल्यांसाठी २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी एकत्र निवेदन काढले : खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट आणि त्यांच्यावर बटणासारखी बसणारी कवळी, हा प्राथमिक उपचार मानावा. दोन, आठ नव्हे. आठ लावण्यालाही कधी कारण असते, पण ते कारण सांगितले गेले पाहिजे.

कागद

आपल्या देशात इम्प्लांटची स्वतंत्र एमडीएस पदवी नाही. हिरडीतज्ज्ञ, मुखशल्यचिकित्सक, कृत्रिम दंततज्ज्ञ आणि साधे बीडीएस झालेले डॉक्टरही हे काम करतात, आणि चांगले करणारे सगळ्यांत आहेत. म्हणून पाटीपेक्षा दोन प्रश्न उपयोगी : स्क्रू कोण बसवणार, आणि पाच वर्षांनी काही झाले तर कोण पाहणार. बाहेरगावाहून महिन्यातून एकदा येणारे तज्ज्ञ स्क्रू बसवून जाणार असतील, तर ते आधी कळलेले बरे.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली. २००८ साली समीरा कोहली खटल्यात त्याच न्यायालयाने संमतीचा अर्थ स्पष्ट केला : उपचाराचे स्वरूप, त्यातले धोके, इतर पर्याय आणि उपचार न घेतल्यास काय होईल, हे समजल्यावर दिलेली ती संमती. खुर्चीवर आडवे झाल्यावर पुढे केलेल्या कागदावरची सही म्हणजे संमती नव्हे.

आणि एक अगदी साधी गोष्ट. प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, माप आणि लॉट क्रमांकाचे चिकटपत्र असते. ते आपल्या फाइलमध्ये चिकटवून घ्यावे. प्रत्येक कंपनीचा जोड आणि त्याचा स्क्रू वेगळा असतो. पंधरा वर्षांनी जोड ढिला झाला आणि कंपनीचे नावच ठाऊक नसले, तर निष्णात डॉक्टरही हात टेकतात.

आईचा प्रश्न

दहा महिन्यांनी मी हे सगळे आईसमोर मांडले. तिच्या हाडांच्या डॉक्टरांचे पत्र आले होते. तिच्या मात्रेत धोका कमी आहे, काळजी घेऊन दोन इम्प्लांट करता येतील, असे त्यांनी आणि तिसऱ्या दंतवैद्यांनी मिळून सांगितले होते. मी वही उघडून आकडे वाचत गेलो. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “अरे, पण हे रोज साफ कोण करणार?”

मी तिच्या हातांकडे पाहिले. ते दोन वर्षांपासून थरथरतात. देवाची वातही आता सून करून देते. इम्प्लांटच्या बुंध्याशी रोज बारीक ब्रश फिरवायचा, दर सहा महिन्यांनी दाखवायला जायचे, हे मी वहीत ‘देखभाल’ या शब्दाखाली एका ओळीत उरकले होते. ती ओळ तिने बरोबर पकडली. “तू करशील आज. उद्या मी अंथरुणाला खिळले तर? तोंडात ते सडत बसायचं,” ती म्हणाली.

आम्ही इम्प्लांट केले नाहीत. त्याच दंतवैद्यांनी नव्याने माप घेऊन खालची कवळी करून दिली. ती जुन्या कवळीपेक्षा बरीच बरी बसते. माझी स्वतःची एक दाढ गेलेली आहे. तिथे मी हिरड्यांचे उपचार पुरे करून इम्प्लांट करून घेणार आहे, कारण माझे हात अजून स्थिर आहेत आणि शेजारचे दात कातरायची माझी तयारी नाही. एकाच घरात दोन निर्णय झाले आणि मला दोन्ही बरोबर वाटतात. स्क्रू धरून ठेवायचे काम हाड करते. त्याच्यापुढची पंधरा-वीस वर्षे तो सांभाळायचे काम कोणाचे, हे ठरल्याशिवाय अंदाजपत्रकावर सही करू नये.

यंदा आईसाठी चकली जरा खुसखुशीत करायचे ठरले आहे. मोहन थोडे जास्त घालायचे, इतकेच.